साहेबाचं लायसन

कोणी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवणार नाही. पण एका विमा कंपनीने आमच्या सावली तालुक्यातल्या एका माणसाकडे अकरा महिने एका पोलीस इन्स्पेक्टरचं लायसन मागितलं, आणि तो इन्स्पेक्टर मुळात जन्मालाच आलेला नव्हता.

"झाले सुरू लटारूभाऊ," दिनेश म्हणाला.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. आतल्या माणसाचं रक्त मशीनमधून फिरून यायला चार तास लागतात, आणि बाहेरच्या माणसाला ते चार तास कुठेतरी ढकलावे लागतात. दिनेशची बायको आत होती. धानोऱ्याकडच्या सोमारीबाईंचा नवरा आत होता. आणि आमच्या गावच्या अंजनाबाई रामटेके आत होत्या. त्यांच्यासोबत मी आठवड्यातून दोनदा येतो. माझं वय बहात्तर, हाताला काम नाही, आणि तोंड बंद ठेवलं की दात दुखतात. म्हणून बोलतो.

"जन्मालेच नाई आला, त मंग लायसन कोनाचं मागत होते?" सोमारीबाईंनी विचारलं.

"तेच सांगून राह्यलो ना बाई. ऐका."

या अंजनाबाईंचा मुलगा धम्मदीप. पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करतो. तालुक्यात असा पंप नाही ज्याचे पाइप त्याने एकदा तरी वर ओढून काढले नाहीत. पण माणूस इतका गरीब स्वभावाचा, की पंपाला पाणी आलं तर लोक टाळ्या वाजवतात आणि हा पान्हे गोळा करून मागच्या वाटेने निघून जातो. बोलतो इतकं हळू, की लग्नात त्याने होकार दिला की नाही यावर पाहुण्यांत आजही दोन मतं आहेत.

मात्र धान घरात आलं आणि आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहिली, की हाच धम्मदीप पालटतो. वडशाच्या एका नाटक कंपनीत त्याला दरवर्षी एकच काम असतं, इन्स्पेक्टरचं. रात्री दहाला पडदा उघडतो तो पहाटे पडतो, आणि मधल्या वेळात हा खाकीतला माणूस असा गरजतो की झोपलेली पोरं उठून बसतात. एकदा सिंदेवाहीला त्याने "थांब!" अशी आरोळी ठोकली, आणि बाहेर रेल्वे थांबली.

"तिथी स्टेशन आहे भाऊ. रेल्वे थांबतेच," दिनेश म्हणाला.

"तू गोष्ट ऐकून राह्यला का टाइमटेबल?"

तर त्या धम्मदीपने आईसाठी एक जुनी पांढरी कार घेतली होती. या मशीनवरून उठलेला माणूस पिळून टाकलेल्या कपड्यासारखा असतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. अंजनाबाईंना एसटीची पायरी चढवत नव्हती. म्हणून कार. तिचा पूर्ण विमा, हप्ता वेळच्या वेळी, कागद प्लास्टिकच्या पिशवीत.

मागच्या वर्षी जानेवारीत त्याचं नाटक सिंदेवाहीकडच्या एका गावात होतं. पहाटे पडदा पडला. आठ वाजता आईला गडचिरोलीला पोचवायचं होतं, म्हणून पठ्ठ्या कपडे न बदलताच निघाला. अंगात खाकी, खांद्यावर तीन तारे, ओठावर डिंकाने चिकटवलेली मिशी. सावलीच्या अलीकडे राइस मिलचा फाटा आहे. उजाडलं होतं, धुकं होतं. पुढे धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर. त्याने ना हात दाखवला, ना दिवा लावला, सरळ मिलकडे वळला. कार ट्रॉलीत घुसली. बोनेट दुमडलं, रेडिएटर फुटला.

"रस्त्याच्या कडेला तेव्हा एक वाघ बसला होता," मी म्हणालो.

"वाघ?"

"पट्टेदार. त्याने टक्कर पाहिली, आणि आता साक्षीला बोलावतील म्हणून चुपचाप जंगलात निघून गेला."

सोमारीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्या हसल्या की मला बरं वाटतं. सकाळपासून त्यांनी नवऱ्याचे रिपोर्ट चारदा उघडून चारदा बंद केले होते.

धम्मदीप खाली उतरला. कपाळातून रक्त, डोक्यात भणभण, आणि रात्रभर नाटकातली वाक्यं बोलून जिभेला तेच वळण पडलेलं. ट्रॅक्टरवाला प्रवीण समोर आला तसा हा ओरडला, "या माणसाला माझ्यापुढे हजर करा!" प्रवीणने खाकी पाहिली आणि हातच जोडले. "साहेब, माझी चुकी झाली जी." मिलवर पोती उतरवायला आलेली माणसं जमा झाली. कोणी पाणी दिलं, कोणी सॅल्यूट मारला. धम्मदीप भानावर आला तेव्हा त्याला एकच गोष्ट आठवली: आई. त्याने एकाच्या मोटरसायकलवर मागे उडी मारली आणि घर गाठलं. आईला जीपमध्ये घालून इथे आणलं, मशीनवर चढवलं, आणि दुपारी साध्या कपड्यांत फाट्यावर परत गेला.

तोवर खरे पोलीस येऊन पंचनामा करून गेले होते. त्यात दोन पंचांच्या सह्यांनिशी लिहिलं होतं: वाहन एक पोलीस अधिकारी चालवीत होते.

"आँ!" दिनेश पुढे सरकला.

"आता बसला ना नीट? धम्मदीप पोलीस ठान्यात जाऊन सांगून राह्यला, 'गाडी मीच चालवत होतो.' जमादार विचारते, 'मंग साहेब कुठी गेले?' हा म्हणते, 'साहेब बी मीच.' जमादारानं त्याच्या कपाळाची पट्टी पाह्यली अन् म्हणाला, 'डोक्याले जास्त लागलं दिसते. जा, घरी झोप.'"

प्रवीणलाही तोवर अक्कल आली होती. साहेब काही परत येत नाही म्हटल्यावर त्याने हात खाली केले आणि जबाब दिला की साहेब ऐंशीच्या स्पीडने येत होते, चूक साहेबांची, आणि हा पंपवाला तिथे नव्हताच.

झालं. विमा कंपनीचं पहिलं पत्र आलं. क्लेमच्या फॉर्मवर चालकाचं नाव धम्मदीप रामटेके, पंचनाम्यात पोलीस अधिकारी. ही विसंगती दूर करावी, आणि सदर अधिकाऱ्याच्या वाहन परवान्याची साक्षांकित प्रत सादर करावी. धम्मदीपने उत्तर लिहिलं. दुसरं पत्र आलं: उत्तर मिळाले, परवाना मिळाला नाही. त्याने नाटकाचं हँडबिल जोडलं. तिसरं पत्र आलं: हँडबिल हा परवाना नव्हे. शेवटी पत्रांचं वजन एवढं झालं, की पोस्टमनच्या सायकलची ट्यूब आमच्या गल्लीतच फुटू लागली.

कार ब्रह्मपुरीच्या गॅरेजात उभी. क्लेम पास झाल्याशिवाय मिस्त्री हात लावत नव्हता, आणि पंपवाल्याच्या पगारात ते काम होणारं नव्हतं. मागच्या सीटवर मिस्त्रीच्या कोंबडीने अंडी घातली, त्यांची पिल्लं झाली, त्या पिल्लांनीही अंडी घातली. धम्मदीप दर दुसऱ्या सोमवारी सुटी टाकून चंद्रपूरला विम्याच्या ऑफिसात जायचा. रंगमंचावर गरजणारा माणूस त्या टेबलापुढे उभा राहिला की त्याचा आवाज पायाच्या अंगठ्यात जायचा. तिथला साहेब म्हणे, "पंचांनी लिहून दिलं पाहिजे. आम्ही काय करणार?" हा म्हणे, "हो सर." आणि परत यायचा.

आणि अंजनाबाई अकरा महिने काळीपिवळी जीपने आल्या आणि गेल्या. नऊच्या सीटवर सोळा माणसं. जाताना कशीबशी बसायची जागा मिळे. परतताना, वैनगंगेच्या पुलावर हादरे बसले की उलटी. जवळ प्लास्टिकची पिशवी ठेवत. कोणी विचारलं तर म्हणत, "जीपमधी चार मानसं भेटतात, बोलनं होते. कारमधी काय, भिंतीवानी बसायचं."

"त मंग त्या पंचाइले काऊन नाई पकडलं?" सोमारीबाई चिडल्या होत्या. "दोनच त होते."

आता इथून माझी गोष्ट जरा जड जाते, पण सांगतो.

एक पंच चैतू. तो मिरची तोडायला तेलंगणात गेला आणि तिकडेच शेतावर सालाने राहिला. फोन लागत नाही. उरला दुसरा. तो गावातलाच एक म्हातारा. त्या सकाळी तो मिलवर कोंडा न्यायला गेला होता. त्याने साहेबाला सॅल्यूट मारला होता, आणि त्या दिवसापासून गावभर सांगत सुटला होता की साहेबाने आपला हात हातात घेतला, साहेब म्हणाले, काका, तुमच्यासारखी माणसं गावात आहेत म्हणून आम्हाला झोप लागते. चहाच्या टपरीवर रोज एक वाक्य वाढायचं. चौथ्या महिन्यात साहेबाने त्याला आपला मोबाइल नंबर दिला होता.

"अन् त्याले मालूम नव्हतं का, का तो धम्मदीप होता म्हनून?" दिनेशने विचारलं.

"आठ दिवसांत मालूम झालं होतं."

"तरी?"

"तरी. आता मीच चुकलो म्हनलं, त पोट्टे हासतील. नाटकातल्या पोलिसाले सॅल्यूट मारनारा म्हातारा म्हनतील. धम्मदीप दोनदा घरी आला त्याच्या. उंबऱ्यावर बसला, पानी पेला, अन् त्याच्या त्या आवाजात बोलला, 'काका, एक सही पाह्यजे होती.' म्हातारा म्हने, 'मी पंच आहे. पंच बदलत नसते.'"

सोमारीबाईंनी त्या म्हाताऱ्याला गोंडीत काहीतरी म्हटलं. मला गोंडी कळते. इथे लिहिण्यासारखं नव्हतं.

नोव्हेंबरात तो म्हातारा गडचिरोलीला कशाला तरी गेला होता. परतताना जीपमध्ये जागा मिळाली ती नेमकी अंजनाबाईंच्या शेजारी. बाई डोळे मिटून होत्या. दंडाला पट्टी. पूल आला, हादरे बसले, त्यांनी पिशवी तोंडाला लावली. मग पिशवीला गाठ मारली, पदराने तोंड पुसलं, आणि या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमची ते साहेबाची गोष्ट सांगा ना. तुम्ही सांगता त रस्ता कटते."

आत मशीन टिकटिकत होती.

"सांगतली त्यानं?" सोमारीबाईंनी हळूच विचारलं.

"नाई. त्याले सांगता आली नाई. व्याहाड येईस्तोवर तो खिडकीतून बाहेर पाहत राह्यला."

"तुमाले कसं मालूम, लटारूभाऊ?" दिनेशने विचारलं.

"गोष्ट सांगनाऱ्याले सगळं मालूम राह्यते. मधात बोलू नको."

दुसऱ्या दिवशी म्हातारा सकाळी सकाळी रामटेक्यांच्या दारात. धम्मदीप सायकलला पान्ह्यांची पिशवी बांधत होता. म्हातारा म्हणाला, "चाल. तहसीलमधी जाऊ." प्रतिज्ञापत्र झालं. मग दोघे चंद्रपूरला गेले. तिथला साहेब बदलून गेला होता; त्या खुर्चीवर रिना मॅडम म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्या पानापासून फाइल वाचली. अकरा महिने जो तो ती शेवटच्या पानाकडूनच उघडत होता. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "कपडे आणलेत का ते?"

धम्मदीपने पिशवीतून खाकी शर्ट काढून चढवला. टोपी घातली. मिशी चिकटवली, ती जरा वाकडी बसली. आणि त्याला तसा पाहताच म्हातारा खुर्चीतून आपोआप उभा राहिला आणि त्याचा हात कपाळाला गेला.

मॅडमनी ते पाहिलं. पुढचं काही विचारण्याची गरजच उरली नव्हती, पण म्हाताऱ्याला बोलायचं होतं.

"अन् मंग पोट्टेहो," मी बाकावरून उठून उभा राहिलो, कारण ही जागा बसून सांगायची नाही, "तो म्हातारा बोलला! उंच मानूस, ताठ कंबर, वाघावानी आवाज. म्हने, 'मॅडम! गाडी हाच चालवत होता! मी खोटा बोललो, अन् माझ्या खोट्यापायी एका बाईनं अकरा महिने हाल काढले! लिहा!' असा बोलला, का वरचा पंखा थांबला. सगळं ऑफिस टेबलं सोडून उभं राह्यलं. पंधरा मिनिटं टाळ्या! मॅडमनं सही केली, तवा कागद फाटला एवढा जोर..."

"कोनी टाळ्या वाजवल्या?"

आवाज मागून आला. डायलिसिसच्या खोलीचं दार उघडं होतं आणि अंजनाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. दंडावर कापूस दाबलेला. ओठ कोरडे, पण डोळे चांगले जागे. खाली व्हरांड्यापुढे धम्मदीप पांढऱ्या कारचं दार उघडून वाट पाहत होता.

"बाई, तुम्ही बसा, तुमाले चक्कर..."

"मले चक्कर नाई आली. टाळ्या कोनी वाजवल्या, ते सांगा. धम्मदीपनं मले समदं सांगतलं हाय." त्या दिनेशकडे वळल्या. "कोनी नाई वाजवल्या, भाऊ. म्हाताऱ्याच्या तोंडातून शब्दच निंघत नव्हता. मॅडमनं दोनदा पानी पाजलं. मंग रडत रडत बोलला, ते बी इतकं हळू, का मॅडमले उठून जवळ या लागलं."

दिनेश तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हनजे तो म्हातारा खराच होता? मले वाटलं, वाघासारखा तो बी फेकलेलाच."

"खराच हाय. उंच म्हने, ताठ म्हने!" अंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मोकळा हात पुढे केला. "चाला, लटारूभाऊ. खोटं बोलनं झालं असन, त मले हात द्या. पायऱ्या उतराच्या हायत."