डावा हात

डोक्याला मार लागलेल्या माणसाला हलवायचं नसतं, हे सासूबाईंनी डॉक्टरांनाही ऐकवलं होतं. नवरा स्कूटरवरून पडला, मेंदूला इजा झाली, डावी बाजू लुळी पडली. जिवावरचं टळल्यावर फिजिओ बाईंनी त्याला लगेच पलंगाच्या कडेला बसवलं, तेव्हा सासूबाई त्यांच्या अंगावर धावून गेल्या. घरी आल्यावर फिजिओ बाई नव्हत्या. मग मी होतेच.

बाईंनी मला बजावलं होतं, "पाणी, चष्मा, सगळं डावीकडे ठेवा. त्यांचं तिकडे लक्षच जात नाही, ते न्यायला लावा." मी पेला डावीकडे ठेवायची, सासूबाई उजवीकडे. आमचं बोलणं बंद होतं, पेल्याच्या मात्र दिवसभर येरझाऱ्या चालू.

"लेकरू तहानलंय आणि ही मजा बघतेय," त्या भिंतीला सांगायच्या.

"डावा हात नाही चालला तर त्याचं सलून कसं चालायचं?" मी एकदा विचारलंच.

"कात्री उजव्या हातात असते. उजवा धडधाकट आहे त्याचा."

आधी सलूनवाल्याची बायको, मग सलूनवाल्याची आई, आणि इतक्या वर्षांत सासूबाईंचं डाव्या हाताकडे लक्ष गेलं नाही! केस डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायचे असतात. नाहीतर कात्री काय हवेत चालवणार?

नवरा आईच्याच बाजूचा. जीभ जड झाली होती, पण मला 'कैदाशीण' म्हणताना ती बरोबर वळायची. मीही काही गाय नव्हते. त्याच्या रागाचं मला काही वाटत नव्हतं. तो असाच पडून राहील, याची मात्र भीती वाटायची.

आज सकाळी त्याला उठवून बसवायला गेले. त्यानं अंग सैल सोडलं. मी त्याच्या डाव्या बाजूनं वाकून काखेत हात घातला, ओढलं. "मर," तो म्हणाला. मी आणखी ओढलं. अंबाडा सुटला, केस त्याच्या हातावर पडले, आणि डोक्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

त्यानं माझे केस धरले होते. डाव्या हातानं.

सासूबाई धावत आल्या. "अरे सोड तिला!" म्हणत त्याची बोटं उलगडायला लागल्या.

"हात लावू नका!" मी ओरडले. "त्याचं तो सोडेल."

पण त्याला सोडता येईना. तो घामाघूम झाला, राग विसरला, नुसता स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मी मान वाकडी करून तशीच उभी होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला हसू येत होतं.

"टक्कल पडेल तुला," सासूबाई म्हणाल्या.

"पडू दे. आणखी ओढ रे."

त्यानं ओढलं.