कमान बसते तेव्हा

ही गोष्ट २०२२ सालच्या एप्रिलमधली, म्हणजे ऑस्ट्रेलियात हिवाळा तोंडावर आलेला. मेलबर्नला लोक अजून अर्ध्या बाह्यांत हिंडत होते, पण वर व्हिक्टोरियाच्या डोंगरात थंडीने बोटं वाकत नव्हती. तिथल्या एका विरळ वस्तीच्या गावात दीडेकशे वर्षांपूर्वी सोन्यामागे आलेल्या लोकांनी दगडी चर्च बांधलं होतं. त्यांचा पाद्री फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरल्या पिरेनीज पर्वतातला. त्याने आपल्या मुलखात पाहिलं तसंच उभं केलं. दोन हात जाड भिंती, चिंचोळ्या खिडक्या आणि वेदीपुढे अर्धगोल कमान. पुढे कुणी शहाण्याने सांध्यांत सिमेंट भरलं. ओल आत कोंडली, कमान खिळखिळी झाली.

ती उतरवून पुन्हा चुन्यात बसवायचं काम मेलबर्नजवळच्या वेरिबीत राहणाऱ्या कौमुदीकडे आलं. इंजिनिअर, मूळची पुण्याची. चर्चच्या वरिष्ठांनी बजावलं होतं, कमान उभी राहिली तर ठीक, नाहीतर सगळंच पाडू.

त्या दिवशी नव्याने रचलेल्या कमानीखालचा, तिला तोलून धरणारा लाकडी सांगाडा काढायचा होता. त्याच्या पाचरी दोन्हीकडून सारख्या, हळूहळू सैल करायच्या. साइट सांभाळणारा चंद्रहास हातोडी चालवत होता. मागच्या बाकावर ऐंशी उलटलेली नोरा बसली होती. चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे असत.

"माझं लग्न याच कमानीखाली लागलं," ती इंग्रजीत म्हणाली. "कमान टिकली, नवरा पळाला."

चंद्रहास हसला, तोच वर कर्र झालं. माथ्याच्या दगडाशेजारी, खालच्या अंगाला भेग उमटली.

"गेली," तो म्हणाला. "पाचरी परत ठोकतो."

"हात लावू नकोस."

"भेग दिसतेय ना तुला? आधी सपोर्ट, मग लेक्चर."

"स्लॅब नाहीये ही. खालून रेटलंस तर माथा उचलला जाईल आणि बाजूचे दगड सुटतील. चुना कच्चा आहे, कमान बसतेय, दगड आपापली जागा घेताहेत. बसू दे."

"आणि थांबलीच नाही तर? तुम्हा पुणेकरांना काय, सगळंच येतं."

खरं तर तिलाही खात्री नव्हती. आजवर तिचं सगळं काम काँक्रीटमधलं. शिडीवर चढून तिने भेगेवर प्लास्टरचा पातळ पट्टा ओढला. तो वाळल्यावर तडकला, तर कमान अजून सरकते आहे. नोराला तिने बाहेर जायला सांगितलं. "थंडी आहे बाहेर," म्हणून नोरा जागची हलली नाही.

पट्टा कडेने वाळून पांढरा होऊ लागला. वरून चिमूटभर चुना गळला. चंद्रहासने हातोडी उचलली. कौमुदीने पाचरीवर पंजा ठेवला.

"मार आता."

"वेडी आहेस का तू?"

तिने हात काढला नाही. तो शिव्या पुटपुटत मागे सरला आणि दोघं मान वर करून उभी राहिली. मानेला रग लागली. पट्टा पुरता पांढरा झाला, एक रेघ उमटली नाही.

"सोड पुढच्या पाचरी," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत सांगाडा सुटला. कमान उभी राहिली.

चंद्रहास पुढे डार्विनला गेला. स्लॅब टाकतो आणि सुखात आहे. नोरा दुसऱ्या हिवाळ्यात वारली, तिची शवपेटी त्याच कमानीपुढे ठेवली होती. चर्चमध्ये आता महिन्यातून एकदा प्रार्थना होते. कौमुदी जुन्या दगडी इमारतींचीच कामं घेते आणि सांगाडा काढायच्या आदल्या रात्री अजूनही जेवत नाही.