डाव्या स्पीकरखालची वाळू

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. स्पीकर डोक्यावर घेऊन गप्प उभं राहायचं, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड जमलं नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय. थोडे बरे दिवसही मी पाहिले आहेत. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा.

आम्ही दोघे भाऊ. एका वेल्डरने एकाच पाइपाचे दोन तुकडे करून आम्हाला घडवलं. खाली जाड लोखंडी बैठक, वर चौकोनी पाट आणि मधे पोकळ खांब. आम्हाला करून घेणारे काका ध्वनिमुद्रक होते. गल्लीत त्यांना सगळे 'कानवाले काका' म्हणत. शेजारच्या घरातला पंखा बिघडायला आलाय, हे ते आपल्या खुर्चीत बसून सांगत. त्यांनी मला बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. टण्ण!

"हा वाजतोय," काका वेल्डरला म्हणाले. "वाजायचं ते स्पीकरने. खालचा स्टँड वाजला किंवा हलला, की त्याची लुडबुड आवाजात आलीच म्हणून समजा."

मग वेल्डरने वाळू भाजून कोरडी केली, आमच्या पोटात गच्च भरली आणि खालून रबरी बूच ठोकलं. काकांनी पुन्हा ठोकलं. आता नुसतं 'ठक्'. काका खूश झाले.

काका निवृत्त झाले तरी काम सुटलं नव्हतं. काकू अंधशाळेतल्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं वाचत आणि काका ती ध्वनिमुद्रित करत. रोज सकाळी एक प्रकरण. मग काका ते ऐकून तपासत, आणि तेही फक्त डाव्या स्पीकरवर, म्हणजे माझ्यावरच्या. "माणसाला तोंड एकच असतं," ते म्हणत, "मग त्याचा आवाज दोन ठिकाणांहून कशाला ऐकायचा?" उजवा भाऊ बिचारा कधीमधी गाण्यांपुरता. पाहुणे आले की काका माझ्यावर थाप मारून सांगत, "आमच्या हिच्या आवाजाचं निम्मं श्रेय या गड्याला!" मी फुगून जायचो. आज ते आठवलं तरी लाज वाटते.

पुढे घराला रंग द्यायचा ठरला. रंगाऱ्यांनी मला उचलण्याऐवजी फरपटत भिंतीपासून लांब नेलं. त्यात माझ्या बुचाला चीर गेली. चीर केवढी? नखाएवढी. पण वरचा स्पीकर बोलू लागला की चिमूट चिमूट वाळू खाली गळू लागली. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

काकू रोज झाडताना कुरकुर करत. "कुठून येते ही वाळू कोण जाणे! अहो, चपला दाराबाहेर काढत जा हो."

"मी बाहेरच काढतो."

"मग वाळू काय छतातून पडते?"

दोघं हसत आणि माझ्या पोटातली वाळू केराच्या डब्यात जाई.

महिनाभरात मी हलका झालो. बैठक फरशीवर डुगडुगू लागली. स्पीकरचा पडदा पुढे गेला की मी मागे कलायचो, मागे गेला की पुढे. शिवाय पोकळ खांब घुमायचा. काकूंचा स्वच्छ, मऊ आवाज माझ्यामुळे जाड आणि गढूळ होऊन बाहेर पडू लागला. फरक तसा थोडाच होता. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण समोर कानवाले काका होते ना!

"अगं, आवाज घुमतोय तुझा," एके दिवशी काका म्हणाले. "डब्यात तोंड घालून वाचल्यासारखा."

काकूंनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. सातवं प्रकरण पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदाही काकांनी नकारार्थी मान हलवली.

"जुनं एखादं लावून बघा ना," काकू म्हणाल्या. "तेव्हा कसा होता, आता कसा आहे, कळेल तरी."

"जुना मला पाठ आहे. आयुष्य गेलं माझं यात."

"मग त्या दुसऱ्या स्पीकरवर तरी ऐका."

"मला माझं काम शिकवू नकोस. वय झालंय तुझ्या आवाजाचं, आता ते मान्य कर."

हे म्हणताना त्यांचा हात माझ्या पाटावर टेकलेला होता. मित्रांनो, त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं, असं मला झालं. त्यांनी तिथूनच शाळेतल्या बाईंना फोन लावला. "यापुढे दुसरा कुणाचा तरी आवाज बघा. हिला आता जमत नाही." काकू पुस्तक हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. पानात खुणेसाठी घातलेलं बोट त्यांनी हळूच काढून घेतलं.

त्या दिवसापासून काकूंनी वाचणंच नव्हे, बोलणंही कमी केलं. पूर्वी "अहो, जेवायला या" अशी स्वयंपाकघरातून हाक यायची. आता ताट वाढून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. घर असं पाच महिने चाललं. काका रिकाम्या वेळात बातम्या लावत. बातम्याही घुमत होत्या, पण त्याचा दोष ते निवेदकांना देत.

मग शाळेतून बाईंचा फोन आला. काका भाजी आणायला गेले होते, म्हणून तो काकूंनी घेतला. "मुलं रोज विचारतात, गोष्टीतली ती मुलगी घरी पोचली का? आणि गोष्टवाल्या आजी कुठे गेल्या?" फोन ठेवून त्या काकांच्या खुर्चीत बसल्या आणि आपलं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. काकांनी सगळ्या पाहुण्यांना ऐकवलेलं, दहा वर्षांपूर्वीचं.

तेही घुमत होतं.

काकू ताडकन उठल्या. माझ्याजवळ आल्या, स्पीकरवर तळहात ठेवला. मी थरथरत होतो. त्यांनी मला जरा कलतं केलं आणि बुचातून वाळूची बारीक धार फरशीवर सांडली. ती वाळू त्यांनी दोन बोटांत घेऊन चोळली. इतके दिवस झाडून टाकलेली वाळू त्या ओळखणार नाहीत तर कोण?

काका पिशवी घेऊन आत आले. काकूंनी पेराने मला ठोकलं. टण्ण!

काकांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यांनी डावा स्पीकर बंद केला, उजवा सुरू केला. खोलीत काकूंचा आवाज आला, स्वच्छ, मऊ, होता तसा. काका खाली बसले आणि त्यांनी ती वाळू चिमटीत उचलून पाहिली.

"मी शाळेत फोन करतो," ते म्हणाले.

"काय सांगणार?"

"स्टँड हलत होता म्हणून."

"एवढंच?"

काकांनी मान खाली घातली. "आणि तू सांगत होतीस, ते मी ऐकलं नाही म्हणून."

आता माझ्या पोटात पुन्हा वाळू आहे, नवं बूच आहे. सातवं प्रकरण मुळात चांगलंच होतं, ते तसंच शाळेत गेलं. काकूंनी आठवं प्रकरण वाचलं तेव्हा पहिल्या पानावर त्यांचा आवाज दोनदा अडला. इतके दिवस न वापरल्यामुळे तो खरोखरच थोडा बसला होता. काकांनी ते अडखळणं तसंच ठेवलं, पुसलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना अधूनमधून हात लावून बघत जा, आमचे नटबोल्ट, बुचं, पाय तपासत जा. आम्हाला ओरडून सांगता येत नाही. पण ज्यांना सांगता येतं, त्यांचं आधी ऐका. वाचायला बसण्यापूर्वी काकू आता रोज मला एकदा ठोकतात. 'ठक्' ऐकलं की पुस्तक उघडतात. आणि रोज त्या एका क्षणापुरता माझा जीव लाजेने अर्धा होतो.