वाकड्या पायाचा बगळा

दर रविवारी सकाळी दहाला चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत चौघं जमायचे आणि एकमेकांच्या पक्ष्यांची पिसं काढायचे. म्हणजे पक्ष्यांच्या फोटोंची. नियम एकच होता. ज्याचा फोटो टेबलावर, त्याच्या तोंडाला कुलूप. बाकीच्या तिघांचं बोलून होईपर्यंत त्याने हूं की चूं करायचं नाही.

चौघांतली एक्स-रेवाली तीन वर्षं हा नियम पाळत आली होती आणि त्यात तिचं भलंच झालं होतं. पहिल्या वर्षीची तिची बदकं म्हणजे पाण्यावर तरंगणारे बटाटे. उभ्याने काढता म्हणून असं होतं, आडव्या व्हा, असं बेकरीवाल्याने सांगितलं, तर ही बाई खरोखर तळ्याकाठच्या चिखलात आडवी झाली. पक्ष्याचा डोळा धूसर येतो म्हणाले, तिने डोळा धरायला शिकून घेतलं. दिवसभर हॉस्पिटलात लोकांना ‘श्वास रोखा’ म्हणणारी आता पहाटे स्वतःचा श्वास रोखू लागली. सासूबाई तिचे कपडे चिमटीत धरून विचारायच्या, तळ्यात काही पुरून ठेवलंय का गं?

यंदा वाचनालयाच्या प्रदर्शनात ह्या चौघांना मिळून एक जागा मिळाली होती. एकच. कुणाचा फोटो लावायचा ते मास्तर ठरवणार, कारण जागा त्यांच्या ओळखीने मिळालेली. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक ते, निवृत्त फक्त शाळेतून झालेले. एक्स-रेवालीला ती जागा हवी होती. उगाच आढेवेढे कशाला, फार हवी होती.

तिने राखी बगळ्याचा फोटो टेबलावर ठेवला. मास्तर म्हणाले, सगळं झकास आहे, पण डावा पाय पाण्यामुळे वाकडा दिसतोय, खालून कापून टाका. बेकरीवाला म्हणाला, कापायचा कशाला, कॉम्प्युटरवर सरळ करून देतो, पाच मिनिटांचं काम. चष्मेवाल्यालाही तो पाण्याचाच खेळ वाटला. तिचं पित्त खवळलं. वीस वर्षं मोडकी हाडं बघण्यात गेली होती तिची. तो पाय पाण्याने वाकडा झालेला नव्हता. तो मोडला होता, आणि कुणी न बसवता आपला आपण वाकडाच जुळून आला होता. बोलायची पाळी येताच तिने हे ठणकावून सांगितलं. मास्तर हसले आणि म्हणाले, बाई, इथे पेशंट आणू नका.

चष्मेवाला हसला नाही.

“मोडला असेलही,” तो म्हणाला. “पण मला ते तुम्ही सांगितल्यावर कळलं. प्रदर्शनात येणाऱ्या प्रत्येक माणसाशेजारी उभ्या राहणार आहात का?”

हे तिला लागलं. लागलं, कारण खरं होतं.

मास्तरांनी एक आठवडा दिला. रोज ड्युटीआधी ती चिखलात पालथी पडायची, आणि बगळा रोज तो पाय पाण्यात बुडवून उभा राहायचा, जणू मुद्दाम. तिने त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. शनिवारी त्याने एक मासा गिळला, कोरड्या दगडावर चढला, अंग झाडलं आणि चांगला पाय पोटाशी घेतला. अख्खा पक्षी त्या वाकड्या पायावर उभा राहिला. जोडाची गाठ उन्हात स्वच्छ दिसत होती. तिने श्वास रोखला.

रविवारी बेकरीवाल्याने स्वतःच आणलेलं बिस्कीट हातात तसंच धरून ठेवलं. चष्मेवाला एवढंच म्हणाला, आता कळलं. मास्तरांनी फोटो जवळ घेऊन पाहिला, लांब धरून पाहिला. हाच लावू म्हणाले. फक्त पाय दिसायला नको, लोक तिथे सुंदर पक्षी बघायला येतात.

आता बोलायची पाळी तिची होती.

“मास्तर, तुम्हा सगळ्यांचं ऐकून मी तीन वर्षं चिखलात लोळले, पुढेही लोळेन. पण ह्याचा पाय कापायचा नाही आणि सरळही करायचा नाही. हा त्या पायावर उभा आहे, म्हणून तर फोटो आहे.”

मग बेकरीवाल्याच्या खंड्या पक्ष्याचा फोटो लागेल, असं मास्तरांनी सुनावलं. खुशाल लावा, ती म्हणाली, आणि जाता जाता खंड्याच्या शेपटीचं टोक कापलं गेलंय हे दाखवून दिलं. पुढच्या रविवारी येणार म्हणूनही बजावलं. घरी जाऊन मात्र ती रडली. जागा गेली होती, आणि ती हवी होती.

सोमवारी तिने कुणाला न विचारता एक्स-रेच्या खोलीबाहेर, बाकासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि बगळा टांगला. खाली ना नाव, ना ओळ.

दुपारी बाकावर एक प्लंबर बसला होता, मांडीपर्यंत प्लास्टर, शेजारी बायको. ह्या पायाने आता शिडी कसली चढणार, असं तो सकाळपासून तिला ऐकवत होता. मध्येच तो थांबला आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागला. दार अर्धं उघडं होतं, आत एक्स-रेवाली प्लेट लावता लावता थांबली.

“ह्याचा पाय मोडलाय गं,” तो बायकोला म्हणाला. “वाकडाच जुळलाय. आणि बघ, उभा त्याच्यावरच आहे लेकाचा.”

एक्स-रेवालीला बाहेर जाऊन सगळं सांगावंसं वाटलं, तळं, दगड, सहा पहाटा. पण नियम तो नियम. तिने हूं की चूं केलं नाही. डोळे पुसले आणि त्याचं नाव पुकारलं.