खिडकीतली कोळशाची इस्त्री

मित्रांनो, माझ्या पोटाखाली बरीच वर्षं एक पत्र पडून होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं. ते मी सांगावं की नाही, मला नीट कळत नाही. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे, बोलायची मला सवय नाही.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ इस्त्रीचं दुकान चालवत. एका टेबलावर ताई, दुसऱ्यावर भाऊ आणि मी. आधी कॉलर, मग बाह्या. गिऱ्हाइकं म्हणत, "यांची घडी मोडवत नाही." तेव्हा मला बरं वाटे.

मग भाऊ बायकोला घेऊन परदेशी निघाला. सामानात मला पाहून बायको म्हणाली, "लोक सोनं नेतात, तुम्ही लोखंड न्या."

तिथे पहिल्याच रविवारी त्याने मला खोलीत पेटवलं. धूर छताला लागला, आगीचा भोंगा वाजला आणि सगळी इमारत अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आली. भाऊ मला हातात धरून त्यांच्यात उभा होता. त्यानंतर मी पेटले नाही. तो एका धुलाई कारखान्यात यंत्रात चादरी सरकवू लागला.

ताईचं पत्र आलं. 'तुझं टेबल रिकामं ठेवलंय. माझी पोरगी जमिनीवर बसून इस्त्री करते. तू येणार नसशील तर टेबल तिला देते. एवढंच कळव.'

भावाने ते उडू नये म्हणून खिडकीत माझ्याखाली ठेवलं. "उद्या लिहितो."

बायको म्हणे, "तुमच्या उद्याची घडी काही मोडत नाही."

तो हसत नसे, रागावतही नसे. मलाही काही वाटत नसे. थंड लोखंडाला काय वाटणार?

परवा खिडकी पुसताना बायकोने मला उचललं. कागद उन्हाने पिवळा पडला होता, माझ्याखाली तेवढा पांढरा.

"पोरगी अजून खालीच बसत असेल हो."

"टेबल दिलं की परत जायला जागा उरत नाही," भाऊ म्हणाला.

"जायचंय का?"

"नाही बहुतेक."

"मग तेच लिहा."

त्याने लिहिलं, 'ताई, टेबल तिला दे. मी येत नाही.' मग सवयीने मला कागदावरून फिरवलं. सुरकुती गेली नाही. मित्रांनो, थंड इस्त्री कागद नुसता दाबून ठेवते. दाबून ठेवण्याला जपणं समजू नका. मी तसंच समजत होते.

तो खाली उतरला. खिडकीतून समोरची टपालपेटी दिसते. त्याने पाकीट तिच्या तोंडाशी धरलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग ते आत सोडलं.