बत्तीस टिचबटणं

मर्डो दिलेला शब्द मोडत नाही, आणि तेच माझं दुखणं होतं.

एप्रिलमध्ये त्याला न्यूमोनिया झाला. तीन आठवडे इन्व्हरनेसच्या दवाखान्यात काढले. तिथंच आमच्या लेकीनं, कॅट्रिओनानं, त्याच्या उशाशी बसून वदवून घेतलं, "बाबा, नोव्हेंबरात एकदा गाडी घेऊन जा. पण त्या गार गाडीत एकदा जरी खोकल्याची उबळ आली, तर सोमवारी गाडी विकायची जाहिरात देणार. शब्द?" आणि हा बावळट म्हणाला, "शब्द." बत्तीस वर्षं बर्फात रस्त्यांवर मीठ पसरायची लॉरी चालवलेला माणूस, कशाला भ्यायचा नाही. लेकीपुढं मात्र मांजर होतो.

त्या मुक्कामाच्या गाडीशिवाय आमचं अडलं असतं, असं नाही. पण वीस वर्षं दर नोव्हेंबरात आम्ही एरिबोल खाडीच्या काठावर सीलची पांढरी पिल्लं बघायला जातो. सासू वारली त्या वर्षीही गेलो. वर्षभर एकमेकांवर जेवढं खेकसतो, त्याची भरपाई त्या दोन दिवसांत होते. गाडी गेली असती तर आम्ही दोघं थर्सोच्या त्या घरात टीव्हीसमोर बसून एकमेकांच्या चहाचे घोट मोजले असते.

दोष सगळा छपराचा. गाडी उभी केली की तिचं छप्पर वर उचलायचं, मग आत माणसाला ताठ उभं राहता येतं आणि वर दोघांपुरता बिछाना होतो. पण त्या वरच्या खोलीच्या भिंती म्हणजे नुसतं कॅनव्हास, जुनं, शिवणीत उसवलेलं. वारा इकडून शिरायचा, तिकडून निघायचा. सकाळी कापडाला आतून घाम फुटलेला असायचा आणि तो थेंब थेंब मर्डोच्या टकलावर पडायचा.

म्हणून मी अस्तर शिवायला घेतलं. वर चकचकीत रुपेरी थर, मध्ये लोकर, आत सुती कापड. दुकानात असलं अस्तर विकत मिळतं, पण मी चाळीस वर्षं लोकांचे पडदे शिवले आहेत, मी कशाला दुसऱ्याचं घेऊ? अख्खा उन्हाळा त्यात घातला. खालच्या काठाला बत्तीस टिचबटणं लावली. दुकानातल्या अस्तरांना खिडकीच्या जागी जाळीची झडप असते. मी ठेवली नाही. झडप म्हणजे फट, आणि फट म्हणजे खोकला.

नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी अकराला आम्ही खाडीच्या वर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. उत्तरेचा वारा सुटला होता. मर्डोनं छप्पर उचललं, बिछान्याची फळी पुढं ओढली आणि मी गुडघ्यांवर वर चढले. डोकं वाकवून, कोपरं पोटाशी घेऊन काम करायचं. आधी पुढच्या बाजूचा मधला फासा बिजागरीत अडकवायचा, मग मागचा, मग बाजू ताणून घ्यायच्या. छप्पर उचलणारे ते कैचीसारखे दांडे मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर मिटताना कापड चावतात.

"डावी बाजू कमी पडतेय," मर्डो खालून म्हणाला.

"तुझी मान वाकडी आहे."

"दोन बोटं कमी आहे, इशबेल. माप छप्पर मिटलेलं असताना घेतलंस का?"

"उंटावरचा शहाणा वर असतो रे, तू खाली आहेस. गप बस आणि ते टोक दे."

दोन बोटं कमी होतीच. ताणून ताणून मी ते बसवलं, नखं दुखायला लागली. बटणं नवी, घट्ट. एकेक बसताना टिच्‌ असा आवाज व्हायचा आणि मर्डो खालून मोजायचा. सतराव्याला अडलं. तिथं छपराच्या कडेला कॅट्रिओनानं बसवलेला भोंगा होता, ते बिनवासाचा विषारी वायू साठला की ओरडणारं पांढरं यंत्र. त्याचा स्क्रू नेमका माझ्या बटणाच्या जागी आला होता.

"काढू का?" मर्डोनं विचारलं.

"काढ. अस्तर झालं की दुसरीकडं लावू."

त्यानं तो काढला, आणि मी हात पुसायच्या फडक्यांच्या खणात टाकला. मग आम्ही दोघंही विसरलो. खोटं कशाला सांगू, मी विसरले. त्यानं तो मला विचारून काढला होता.

"बत्तीस!" मर्डो शेवटी ओरडला. "बाई, हे तर पेटीत बसल्यासारखं झालं."

खरंच झालं होतं. वारा बाहेर नुसता डोकं आपटत होता, आत कापड हलतसुद्धा नव्हतं. मी तंबूत वापरायचा छोटा गॅसचा हीटर पेटवला आणि शेगडीवर बार्लीचं सूप चढवलं. हीटरवर ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, खिडकी उघडी ठेवा. ते मी वीस वर्षं वाचतेय. आमची गाडी म्हणजे चाळण, चाळणीला कुठली खिडकी लागते? गाडीच्या तळाला हवेसाठी ठेवलेलं भोक आहे, त्यातसुद्धा मर्डोनं कधीचा फुटबॉलचा एक जुना मोजा कोंबलाय, पायांना गार लागतं म्हणून. त्या मोज्यावरून मी त्याला जन्मभर टोमणे मारलेत.

सूप प्यायल्यावर तो वर चढला. "अर्धा तास पडतो. बघू तुझी कारागिरी."

"खोकलास तर बघ."

"खोकलो तर कॅट्रिओना बघेल, तू कशाला?"

मी खाली बसून डाव्या बाजूसाठी एक पट्टी शिवायला घेतली. सगळा जीव कानांत होता. एप्रिलपासून झोपला की दहा मिनिटांत त्याची छाती वाजायची, मग खोकला, मग उठून बसणं. दहा मिनिटं झाली, काही नाही. वीस झाली, काही नाही. सुरुवातीला घोरणं होतं, मग तेही थांबलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सुई हातात धरून मी एकटीच हसत होते. कॅट्रिओनाला फोनवर काय काय सुनवायचं, त्याची वाक्यं जुळवत होते.

मग माझं डोकं दुखायला लागलं. सुईत दोरा जाईना, तीनदा चुकला. डोळे गेले कामातून, असं म्हणून मी चष्मा पुसला. थोडी मळमळही वाटत होती. म्हटलं, सूपमध्ये चरबी जास्त झाली. सिलांना बघून यावं, गार हवेत डोकं उतरेल. हीटर बारीक करावा असं मनात आलं, पण वर त्याला ऊब मिळतेय ती कशाला कमी करू? शेगडीवर उरलेलं सूप बारीक आचेवर तसंच ठेवून मी हळूच दार सरकवलं, बाहेर पडले आणि वारा आत जाऊ नये म्हणून घट्ट लावून घेतलं.

खाली वाळूवर सात पिल्लं होती. मी दगडी बांधाला टेकून दुर्बिणीतून बघत राहिले. डोकं खरंच उतरलं. भरतीच्या कडेला शिंपलेफोडे पक्षी हिंडत होते, काळेपांढरे, लाल चोचीचे. त्यांची शिट्टी मला लहानपणापासून ठाऊक आहे. पीक, पीक, मग घाई, मग एकमेकांत मिसळून नुसता कल्ला.

म्हणून तो दुसरा आवाज आधी माझ्या लक्षात आला नाही. वारा पडला की तो यायचा. वाटलं, एखादा पक्षी वर रस्त्याकडं गेलाय. पण हा घाई करत नव्हता. चार शिट्ट्या, गप्प. चार शिट्ट्या, गप्प. कुठला पक्षी मोजून ओरडतो?

फडक्यांचा खण आठवला, त्यात टाकलेला भोंगा आठवला.

मी धावले. साठ वर्षांची बाई ओल्या गवतातून जशी धावेल तशी, दोनदा पडून. दार सरकवलं तर गरम हवा तोंडावर आली आणि तिला वास होता तो फक्त बार्लीचा. खणातला भोंगा किंचाळत होता. मी हीटर बंद केला, शेगडी बंद केली, दार पूर्ण उघडलं.

"मर्डो! ए मर्डो!"

मी ओट्यावर चढून वर डोकं घातलं. गोधडीत तो बाळासारखा पडला होता. गाल गुलाबी, कपाळ कोमट. मी त्याच्या थोबाडीत मारली. डोकं एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं.

नव्वद किलोचा माणूस मी एकटी खाली कशी आणणार? हवा वर आणायला हवी होती. त्याच्या उशाशीच कॅनव्हासला चेनची खिडकी होती, पण तिच्यावर माझं अस्तर. मी पहिलं बटण ओढलं. निघेना. नखं घालून ओढलं, निघालं. दुसरं निघालं. माझे हात मेणाचे झाल्यासारखे लुळे पडत होते, डोळ्यांपुढं काजवे. बत्तीस. माझीच बत्तीस, माझ्याच हातांनी दाबून दाबून बसवलेली.

कात्री शिवणाच्या पिशवीत होती. माझ्या आईची, जिला कापडाशिवाय कशालाही लावलं तर मी घर डोक्यावर घेते. ती मी अस्तरात भोसकली आणि फाडत नेलं, रुपेरी थर, लोकर, सगळं. मग चेन ओढली. खिडकी उघडली आणि उत्तरेचा सगळा वारा आत आला. मी मर्डोची कॉलर धरली, पाय छपराच्या दांड्याला लावले आणि त्याचं डोकं त्या भोकाकडं ओढलं.

"श्वास घे, मेल्या! ऐकतोस का? घे श्वास! सिलांची शपथ आहे तुला!"

काय बोलत होते मला कळत नव्हतं. मी रडत होते, आणि मला त्याचा राग येत होता, त्याच्या मोज्याचा, लेकीचा, माझ्या दोन्ही हातांचा. किती वेळ गेला देव जाणे. मग त्याचे ओठ हलले.

"गार... लागतंय. बंद कर ते."

"नाही करणार! मर हवं तर गारठून!"

तो माझ्या अस्तरावर भडाभडा ओकला. माझ्या शिवणावर कुणी धुळीचं बोट ठेवलं तरी मी भांडते, पण त्या घाणीत मी त्याच्या डोक्याला डोकं लावून बसले आणि बाजूला झाले नाही.

तो जरा भानावर आल्यावर कसाबसा खाली उतरला आणि बांधापाशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला. फोनला तिथं रेंज नसते. पण शनिवारची डाकेची लाल गाडी आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. डाकवालीनं एकदा आमच्याकडं बघितलं आणि काही न विचारता रेंज मिळते त्या वळणावर जाऊन रुग्णवाहिकेला फोन केला.

रुग्णवाहिकेतल्या मुलीनं दोघांनाही प्राणवायूचे मुखवटे लावले आणि गाडीत वाकून पाहिलं. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन बोटांत तो मोजा होता.

"हा कुणाचा?"

"माझा," मर्डो मुखवट्यातून म्हणाला. "दुसरा हरवलाय."

ती हसली नाही. "किती वर्षं होता हा तिथं?"

"पंधरा असेल," मी म्हटलं.

"पंधरा वर्षं हीटर लावून? मग हवा कुठून यायची?"

मी छपराकडं बघितलं. उसवलेल्या शिवणी. ज्यांना मी वीस वर्षं शिव्या घातल्या, त्या फटी आम्हाला दर नोव्हेंबरात जिवंत ठेवत होत्या. आणि मी अख्खा उन्हाळा खपून, लाडानं, एकेक करून त्या बुजवल्या.

संध्याकाळी कॅट्रिओना दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टर मर्डोची छाती तपासत होते. "प्राणवायू उद्यापर्यंत ठेवू," ते म्हणाले. "छाती मात्र अगदी स्वच्छ आहे."

मर्डोनं लेकीकडं बघितलं. "ऐकलंस? खोकला नाही, घरघर नाही. शब्द म्हणजे शब्द. जाहिरात नाही."

"बाबा!" ती ओरडली, आणि मग त्याच्या पायाशी बसून रडायलाच लागली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गाडी आहे अजून. भोंगा मी स्वतः उशापाशी लावलाय. हीटर देऊन टाकला, मोजा जाळला. अस्तर मात्र टाकवलं नाही. धुतलं, फाडलं होतं तिथं शिवलं नाही, त्या जागी हातभर जाळी लावली. मर्डो म्हणतो, "जन्मात पहिल्यांदा तू मुद्दाम भोक ठेवलंस."

त्याचा खोकला थंडीबरोबर परत आलाय. कॅट्रिओना औषधं पाठवते, मीही रोज वेळेवर देते. पण ही गोष्ट मी तिला सांगितलेली नाही: त्या दुपारी तो खोकत नव्हता म्हणून मी खाली बसून हसत होते. आता मी अंथरुणात डोळे मिटून पडते आणि वाट बघते. तो एकदा खोकला, की मग मला झोप लागते.