बेरिलच्या हातची कॉइल

लॅपविंग नावाची इलेक्ट्रिक गिटार आमच्या खोऱ्याबाहेर कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. साठच्या दशकात चारच वर्षं ती आमच्या गावच्या कापडगिरणीच्या वरच्या मजल्यावर बनली. खाली माग, वर गिटारी. अंग प्लायवुडचं, बटणं गॅसच्या शेगडीला शोभतील अशी, मान लाटण्याएवढी जाड. अमेरिकन गिटारींची पूजा बांधणारे लोक माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येतात आणि लॅपविंग बघून नाक मुरडतात. मुरडोत बापडे. ज्यांच्या बापाला ती अमेरिकन गिटार सात जन्मांत परवडली नसती, ती आमची पोरं हिच्यावर शिकली.

आणि हिचा आवाज दुसऱ्या कशाला नाही. गिटारच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, हजारो वेढे. ती कॉइल म्हणजे गिटारचा कान. गिरणीत वेढे मोजायचं यंत्र पहिल्याच वर्षी बिघडलं आणि मालकाने ते दुरुस्त केलं नाही. मग पोरींनीच तोड काढली. चॅपेलमधलं एक स्तोत्र गुणगुणत तार गुंडाळायचं चाक फिरवायचं, चारही कडवी दोनदा झाली की कॉइल पुरी. कुणी रेंगाळत गायची, कुणी घाईत. त्यामुळे एका लॅपविंगसारखी दुसरी वाजत नाही. कॉइल झाली की पोरी तळाला पेन्सिलीने आपलं नाव लिहीत.

मार्च महिन्यात थेल्मा आंटी अशीच एक लॅपविंग घेऊन आली. थेल्मा एंटविसल, वय ब्याऐंशी, माझ्या आईच्या ओळखीतली. आई खाली मागावर होती, ही वर गिटारींच्या टेबलावर मुकादम.

"नॉरिस, केस कुठे गेले रे तुझे?"

"तुमची वाट बघून बघून गेले, आंटी."

मी हे नुसते ओठ हलवून म्हटलं. मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका आवाज न काढता ओठांनी बोलत आणि ओठ वाचत. आमच्या घरी जेवतानाही आई तशीच बोलायची. थेल्मा आंटीचे कान त्या खडखडाटाने केव्हाच गेले होते. ती खुदकन हसली.

"ही किंचाळते मेली," ती गिटार टेबलावर ठेवत म्हणाली. "शेजारचा भिंत बडवतो."

"मग आवाज कमी ठेवा की."

"कमी ठेवल्यावर मला काय ऐकू येणार, कपाळ?"

"वाजवता कधीपासून?"

"मी कुठली वाजवतेय! नुसती अँप्लिफायरला लावून बसते. हिच्यात जे आहे ते मला शेवटपर्यंत ऐकायचंय, आणि ही नेमकी शेवटाला किंचाळते. तेवढं थांबव. बाकी कशाला हात लावू नको."

काय आहे हिच्यात, हे मी तिथेच विचारायला हवं होतं. पण तीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकायची सवय राहत नाही. किंचाळते म्हणजे कॉइल सैल झाली. सैल कॉइल थरथरते. वितळलेल्या मेणात बुडवायची, मेण आत मुरून गोठतं, प्रश्न मिटला. हे मी झोपेतही करू शकतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तारा उतरवल्या, गिटार छोट्या अँप्लिफायरला जोडली आणि अगदी बारीक आवाजावर स्पीकरला कान लावला. कॉइलवर पेन्सिलीने टकटक केली. टकटक ऐकू आली. पेन्सिल खाली ठेवली. तरी आतून काहीतरी येतच राहिलं.

कुणी पोरगी गुणगुणत होती. स्तोत्र. पहिलं कडवं, दुसरं. मध्ये खोकली, पुन्हा तिथूनच सुरू. चारही कडवी दोनदा झाली. मग चाक थांबल्यासारखी शांतता, आणि मग ती बोलली. शब्द स्पष्ट होते.

जुन्या कॉइल रेडिओ पकडतात, टॅक्सीवाल्यांचं बोलणं पकडतात, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आणि घाबरलो की मी हाताला काम लावतो. शेगडी पेटवली, मेण वितळवलं, कॉइल काढली. तळाला लिहिलं होतं, बेरिल. मी ती मेणात सोडली. बारीक बुडबुडे वर आले, आणि थांबले.

शुक्रवारी थेल्मा आंटी आली. मी ऐटीत गिटार जोडून दिली. "लावा पूर्ण आवाज. मेणात बुडवून काढलीय, आता एकदम चिडीचूप."

तिने बटण शेवटपर्यंत फिरवलं. डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. बऱ्याच वेळाने उघडले तेव्हा तिचा चेहरा बघवेना.

"गप्प केलंस तू तिला," ती म्हणाली.

"कुणाला?"

"बेरिलला. माझ्या धाकट्या बहिणीला. सतरा वर्षांची होती रे."

मी चहा ठेवला. तिने कपाला हात लावला नाही.

"नोव्हेंबर होता. अंगात ताप, सारखी खोकत होती. घरी जाते म्हणाली. मी म्हटलं, हातातली कॉइल पुरी कर, मग बघू. मुकादम होते ना! मोठी शहाणी! तिने पुरी केली आणि मान खाली घालूनच काहीतरी म्हणाली. खाली माग चालू, आणि मला तिचे ओठ दिसले नाहीत. मला वाटलं, पुढची घेऊ का विचारतेय. मी हाताने खूण केली, घे. तिने आणखी दोन केल्या. पाचव्या दिवशी गेली."

"आणि ही गिटार?"

"तीन वर्षांपूर्वी चर्चने भरवलेल्या जुन्या सामानाच्या बाजारात मिळाली. लॅपविंग दिसली की मी उघडून नाव बघते, जन्मभर बघत आले. तेव्हापासून रोज लावते. गाणं येतं, खोकला येतो. बोलायची वेळ आली की किंचाळी. काय म्हणाली तेवढंच हवं होतं रे मला. निघेल का ते मेण?"

"नाही निघत, आंटी."

काहीतरी गोड बनवून सांगावं असं एकदा मनात आलं. तिला कुठे कळणार होतं? पण तिचे डोळे माझ्या ओठांवर होते, आणि त्या बायकांना ओठांवरचं खोटं दिसतं, हे मी लहानपणीच आईकडून शिकलो होतो.

मी खिडकीचा उजेड तोंडावर पडेल असा उभा राहिलो. "मी ऐकलंय," म्हटलं. "मेणात घालायच्या आधी. शेवटपर्यंत."



मग मी आवाज न काढता, एकेक शब्द ओठांवर नीट घडवत सांगितलं. 'थेल्मा, झाली गं माझी कॉइल. जाऊ का आता घरी?'

"पुन्हा," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.

तिने गिटार उचलून मांडीवर उभी धरली, कॉइल तोंडासमोर येईल अशी. तिचे ओठ हलले तेव्हा दुकानात कसलाही आवाज झाला नाही, पण मी आमच्या आईचा मुलगा, मला वाचता आलं.

'जा गं बाळा, जा घरी. उरलेल्या मी करते.'